आपण चढतो, आधण उतरतं

दहावीच्या भूमितीत रेषेच्या तिरकेपणासाठी एक गोड शब्द आहे: चढ. ज्याने कोणी तो पुस्तकात आणला, त्याच्या डोळ्यांसमोर एखादा घाट नक्की असणार. आज ज्या रेषेच्या गमतीजमती सांगायच्या आहेत, तिचा चढ मात्र ऋण आहे. आपण गड चढत जातो आणि ती आलेखावर उतरत जाते. ती रेषा आहे आधणाची. चुलीवर ठेवलेलं पाणी किती अंशांना उकळणार, हे तुम्ही समुद्रापासून किती उंच उभे आहात यावर ठरतं, आणि त्याचं समीकरण एका ओळीत मावतं:

त = १०० − (उ ÷ ३००)

‘त’ म्हणजे पाणी उकळण्याचं तापमान, अंश सेल्सिअसमध्ये. ‘उ’ म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, मीटरमध्ये. दर तीनशे मीटरला एक अंश कमी, बस्स. वर्गात घोकलेलं ‘वाय बरोबर एम एक्स अधिक सी’ ते हेच. शंभर हा आंतरछेद आणि उणे एक छेद तीनशे हा चढ.

आपल्या गावचं आधण

मुंबई, पणजी, रत्नागिरी: १००. पुणे सुमारे ५६० मीटरवर, म्हणून ९८.१. माथेरान ८०० मीटर, ९७.३. सिंहगड १३१२ मीटर, ९५.६. महाबळेश्वर १३५३ मीटर, ९५.५. साल्हेरचा माथा १५६७ मीटर, ९४.८. आणि कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत थंड आधण: ९४.५.

आता नकाशा जरा दूर सरकवा. अमेरिकेतलं डेन्व्हर शहर बरोबर एक मैल उंचीवर वसलंय, म्हणजे १६०९ मीटर. साल्हेर आणि कळसूबाई यांच्या मधोमध! तिथे राहणारं मराठी कुटुंब रोज वरणाचं पातेलं चढवतं ते जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर. बोलिव्हियातलं ला पाझ आणखी वर, ३६४० मीटरवर: ८७.९. आपलं लेह ३५०० मीटर: ८८.३.

मुंबईत आता तीनशे मीटरच्या आसपास उंचीच्या इमारती उभ्या आहेत. तळमजल्यावरचा चहा आणि शेंड्यावरचा चहा यांत एका अंशाचा फरक पडतो, तोही एकाच पिनकोडात.

दोन वाकड्यांची एक सरळ

ही रेषा इतकी सरळ का, हा या सगळ्यातला सर्वांत सुंदर भाग. कारण तिच्या पोटात सरळ असं काहीच नाही.

पहिली गोष्ट हवेची. वर जाताना हवेचा दाब ठरावीक मापाने कमी होत नाही, तो ठरावीक पटीने कमी होतो. साधारण साडेपाच किलोमीटर चढलं की निम्मा. आणखी जवळजवळ तेवढंच चढलं की उरलेल्याचा निम्मा. याचा आलेख आधी धाडकन उतरतो आणि मग लोळण घेत जातो, घसरगुंडीसारखा.

दुसरी गोष्ट पाण्याची. पाणी उकळतं म्हणजे त्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका होतो. वाफेच्या दाबालाही पटींचीच भाषा कळते. बाहेरचा दाब निम्मा केला की उत्कलनांक सुमारे १८ अंशांनी उतरतो. परत निम्मा केला की आणखी १६ अंशांनी.

आता दोन्ही एकत्र ठेवा. साडेपाच किलोमीटर चढा, दाब निम्मा होईल, आधण १८ अंश उतरेल. पुन्हा चढा, पुन्हा निम्मा, पुन्हा तसंच. समान चढाईला समान उतार! एक वक्ररेषा गुणाकाराने पळते, दुसरी त्याच गुणाकाराची बेरीज-वजाबाकी करून टाकते. गणिती भाषेत सांगायचं तर घातांक आणि लॉगॅरिथम एकमेकांना खोडतात. दोन वाकडे खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि सरळ रेषा तयार झाली.

‘पण १८ आणि १६ सारखे कुठे आहेत?’ असं कोणी विचारलं, तर त्याला शाबासकी द्यायला हवी. त्याचं उत्तर याहून सुरेख आहे. वरची हवा थंड असते. थंड हवा दाटीवाटीने बसते, म्हणून तिच्यातून वर जाताना दाब जास्त वेगाने घसरतो. दुसऱ्यांदा निम्मं व्हायला पूर्ण साडेपाच किलोमीटर लागतच नाहीत, थोडं आधीच काम होतं. अंश कमी पडले, तर वाटही कमी झाली. हिशेब पुन्हा तीनशेला एक!

खरंच किती चांगली आहे ही रेषा? हवामानशास्त्रज्ञ जिला ‘प्रमाण वातावरण’ म्हणतात, त्या सरासरी हवेशी ताडून बघू. ५ किलोमीटरवर रेषा सांगते ८३.३, अचूक गणित सांगतं ८३.२ च्या आसपास. १० किलोमीटरवर रेषेचे ६६.७, गणिताचे सव्वासहासष्टच्या जवळपास. शाळकरी भागाकाराला एवढं यश मिळालेलं फार ठिकाणी दिसत नाही.

ज्याची पट्टी उलटी होती

आंदेर्स सेल्सिअस यांनी १७४२ साली आपली तापमापनाची पट्टी मांडली तेव्हा त्यांनी उकळत्या पाण्याला शून्य दिलं होतं आणि गोठणाऱ्या पाण्याला शंभर! पुढे ती उलटवली गेली. आपली रेषा मूळ पट्टीवर मांडून बघितली तर काय होतं? शंभराचा आंतरछेद गळून पडतो आणि उरतं नुसतं त = उ ÷ ३००. रेषा थेट आरंभबिंदूतून जाते आणि चढही धन होतो. कळसूबाईवर पाणी साडेपाचला उकळलं असतं, लेहला ११.७ ला, आणि उकळत्या तापमानाला तीनशेने गुणलं की थेट उंची मिळाली असती. गिर्यारोहकांसाठी ती पट्टी फार सोयीची होती.

हवेच्या दाबाबरोबर उत्कलनांक हलतो हे सेल्सिअसना माहीत होतं. त्यांच्या आधी, १७२४ च्या सुमारास, फॅरनहाइट यांनीही ते नोंदवलं होतं. फॅरनहाइटच्या पट्टीवर आणि फुटांत आपली रेषा साधारण अशी येते: २१२ मधून दर साडेपाचशे फुटांना एक अंश वजा.

शंभर म्हणजे नेमके किती?

आज वापरात असलेल्या आंतरराष्ट्रीय तापमान पट्टीनुसार, अगदी प्रमाण दाबालासुद्धा पाणी ९९.९७ अंशांना उकळतं. रसायनशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये प्रमाण दाब म्हणून किंचित कमी असलेला ‘एक बार’ स्वीकारला. त्या दाबाला पाणी ९९.६ अंशांना उकळतं. स्वयंपाकघरात या दशांशांचं काही अडत नाही. आपण १०० धरून पुढे जाऊ.

तापमापकाने डोंगर मोजणारे

समीकरण उलटं फिरवा: उ = ३०० × (१०० − त). म्हणजे चहाचं पातेलं आणि तापमापक हाताशी असेल तर तुम्ही डोंगराची उंची सांगू शकता. एकोणिसाव्या शतकात हा खरोखरचा धंदा होता. उंची मोजायचं मुख्य साधन होतं पाऱ्याचा बॅरोमीटर, पाऊण मीटरहून लांब काचेची नळी. घोड्याच्या पाठीवर, खिंडीतल्या दगडांवर ती वाचवणं म्हणजे दिव्यच. तापमापक मात्र झोळीत मावतो.

स्वित्झर्लंडचे सोसूर ३ ऑगस्ट १७८७ ला मों ब्लांच्या शिखरावर पोहोचले ते उपकरणांचं ओझं घेऊन, आणि त्यांनी तिथे पाणी उकळून मोजलं. इंग्लंडचे वोलॅस्टन यांनी १८१७ मध्ये खास या कामासाठी नाजूक तापमापक बनवला.

या सगळ्यांत माझा जीव जडलाय तो कोलंबियाच्या फ्रान्सिस्को होसे दे काल्दास यांच्यावर. अँडीजमधल्या पोपायान गावचा हा माणूस, जवळ ना प्रयोगशाळा ना ताजी पुस्तकं. पुरासे ज्वालामुखीच्या सफरीत त्यांचा तापमापक फुटला. तो दुरुस्त करून त्यावर पुन्हा खुणा करायच्या, तर उकळत्या पाण्याची खूण हवी. पण त्या उंचीवर ती खूण जागेवर बसेना. दुसरा कोणी असता तर काचेला दोष देऊन मोकळा झाला असता. काल्दास यांनी ओळखलं की हलतोय तो उत्कलनांक, आणि तो हलतोय उंचीमुळे. युरोपात यावर काय काम झालंय याची फारशी खबर नसताना त्यांनी पाणी उकळून उंची मोजण्याची आपली रीत स्वतः घडवली. पुढे स्वातंत्र्याच्या लढ्यात ते उतरले आणि १८१६ मध्ये स्पॅनिश सत्तेने त्यांना गोळ्या घातल्या.

स्कॉटलंडचे जेम्स फोर्ब्स यांची गोष्ट शांत, पण तिचा टिकाऊपणा बघा. आल्प्समध्ये आणि स्कॉटलंडमध्ये हिंडून त्यांनी उत्कलनांक आणि हवेचा दाब यांच्या जोड्या टिपल्या. १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातल्या सतरा नोंदी आज जगभरच्या संख्याशास्त्राच्या वर्गांत फळ्यावर येतात. ठिपक्यांमधून सर्वांत योग्य रेषा कशी ओढायची, हे शिकवायचं ते या सतरा ठिपक्यांवर. दाबाचा लॉगॅरिथम घेतला की सोळा ठिपके शिस्तीत रांगेत बसतात आणि एक बाहेर राहतो. त्या एकट्याचं काय करायचं, यावर विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी डोकं खाजवलंय. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी हिमालयात पाणी उकळून घेतलेल्या नोंदीही फोर्ब्स यांनी अभ्यासल्या होत्या.

शाळामास्तर आणि ल्हासा

कुमाऊंच्या जोहार खोऱ्यातल्या मिलमजवळचे नैनसिंह रावत शाळेत शिकवायचे. भारतीय सर्वेक्षण खात्याने त्यांना निवडलं, कारण तिबेटात गोऱ्या सर्वेक्षकाला पाऊल टाकता येत नव्हतं. हातात जपमाळ, पण तिच्यात १०८ ऐवजी १०० मणी, शंभर पावलांना एक ओढायचा. प्रार्थनाचक्रात स्तोत्राऐवजी नोंदींचे कागद. ताऱ्यांचे कोन मोजताना कृत्रिम क्षितिज म्हणून लागणारा पारा कवड्यांत लपवलेला. आणि काठीच्या पोकळीत तापमापक.

जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासात पोहोचले. तिथल्या उंचीचा अंदाज त्यांनी बांधला तो पाणी उकळून. आपल्या रेषेत ल्हासाची आजची ३६५० मीटर उंची घातली तर आधण येतं ८७.८ अंशांवर. पकडले गेले असते तर शिक्षा काय झाली असती हे ठाऊक असताना, परक्या शहरातल्या थंडीत, भांड्यातून उठणाऱ्या वाफेत तापमापक धरून बसलेला हा शिक्षक मला डोळ्यांसमोर दिसतो. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८७७ मध्ये त्यांना सुवर्णपदक दिलं.

एक बारकावा: तापमापक पाण्यात बुडवायचा नसतो, वाफेत धरायचा असतो. पाण्यात मीठ, माती असेल किंवा भांड्याचा तळ जास्त तापला असेल तर पाण्याचा आकडा बिघडतो. वाफेला फक्त हवेचा दाब कळतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ज्या उंच नळकांडीला हिप्सोमीटर म्हणतात, तिची सगळी रचना या एका गोष्टीसाठी असते. ‘हिप्सो’ म्हणजे ग्रीकमध्ये उंची. ज्या उपकरणाने आपण तापमापकाची वरची खूण तपासतो, त्याचं नाव मुळात डोंगर मोजण्यावरून पडलंय.

डार्विन आणि हट्टी बटाटे

मार्च १८३५. चार्ल्स डार्विन अँडीजची पोर्तियो खिंड ओलांडत होते. रात्रभर भांडं विस्तवावर होतं, सकाळी पुन्हा उकळलं, तरी बटाटे कच्चेच. सोबतच्या माणसांनी आपसांत विचारविनिमय करून निकाल लावला की भांडं नवं आहे आणि त्याला बटाटे शिजवायची इच्छा नाही. डार्विननी हे प्रवासवृत्तात आपुलकीने लिहून ठेवलंय. भाजीपाल्याच्या पेशींना जोडून ठेवणारा पेक्टिन नावाचा डिंक विरघळायला भरपूर उष्णता लागते. आधणच थंड असेल तर विस्तव कितीही मोठा करा, पाणी फक्त जोरात उकळतं, जास्त तापत नाही.

डाळ, कुकर आणि शिट्टी

शिजणं ही रासायनिक क्रिया आहे. ढोबळ ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की तिचा वेग निम्म्यावर येतो. लेहला उघड्या पातेल्यात तूरडाळ लावली तर समुद्रकाठापेक्षा दुप्पटीहून जास्त वेळ धरावा लागेल, तरी ती बोटचेपी होईलच असं नाही.

म्हणून डोंगरात कुकर हे चैनीचं भांडं नाही, गरजेचं आहे. कुकरची शिट्टी म्हणजे एक नेमकं वजन. आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक वातावरण इतका जास्त झाला की ते उचललं जातं. मुंबईत बाहेरचा एक अधिक शिट्टीचा एक, मिळून दोन, म्हणून आत १२० अंश. इथे एक गंमत लपलेली आहे: शिट्टी बाहेरच्या दाबात ठरावीक भर घालते, ठरावीक दाब देत नाही. लेहला बाहेर मुळात पाऊणाहूनही कमी. तेव्हा तोच कुकर, तीच शिट्टी, पण आत सुमारे ११४ अंश. डाळीला दोन शिट्ट्या जास्त लागतात त्या यामुळे.

या भांड्याचा मूळपुरुष फ्रेंच संशोधक दनी पापँ. १६७९ मध्ये त्यांनी हाडंसुद्धा मऊ करणारं बंद भांडं बनवलं, आणि त्याला लावलेली सुरक्षा झडप पुढे वाफेच्या यंत्रांना उपयोगी पडली.

तव्याला उंची कळत नाही

उकडणं, शिजवणं, वाफवणं या क्रियांचा मालक पाणी, म्हणून त्या रेषेच्या ताब्यात. महाबळेश्वरला उकडीचे मोदक साडेपंचाण्णव अंशांच्या वाफेवर होतात. भाकरी मात्र तव्यावर भाजली जाते आणि तव्याला हवेच्या दाबाचं देणंघेणं नाही. सिंहगडावरच्या पिठलं-भाकरीच्या ताटात दोन्ही शेजारी बसलेले असतात: पिठल्याचं आधण पंचाण्णवावर आलेलं, भाकरीचा तवा होता तसाच कडक. लडाख आणि तिबेटचं रोजचं अन्न त्सम्पा, म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ. भाजून घेतलं, दळलं, चहात कालवलं. पाण्याने शिजवण्यावर त्याचं काही अडत नाही.

अंड्याची कथा तर विलक्षण. पिवळं ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान घट्ट होतं. पांढरं बासष्टच्या आसपास दुधी व्हायला लागतं, पण त्यातलं मुख्य प्रथिन नीट बसायला ८० च्या जवळ जावं लागतं. एव्हरेस्टच्या माथ्यावर तेवढं गरम पाणी मिळणारच नाही. तिथे अंडं कितीही वेळ उकळलं तरी आत पिवळं बसलेलं आणि बाहेर पांढरं लुसलुशीत थरथरणारं राहील.

बोटांना दुरुस्ती लागत नाही

जॅम झाला हे कसं ओळखायचं? समुद्रसपाटीवरचं उत्तर: मिश्रण १०५ अंशांना आलं की. साखर पुरेशी दाट झाली की ते शुद्ध पाण्यापेक्षा सुमारे पाच अंश वर उकळतं. पण हेच पुस्तक उघडून महाबळेश्वरला कोणी स्ट्रॉबेरीचा जॅम करायला बसलं आणि १०५ ची वाट बघत राहिलं, तर कढईत चिवट गोळा मिळेल. तिथे जॅम साधारण १००.५ अंशांना तयार होतो. रेषा तिथेही साडेचार अंश वजा करायला लावते.

आता आपल्या आज्ज्यांची रीत आठवा. पाकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरायचा, बोटं उघडायची, तार मोजायची. एकतारी, दोनतारी, गोळीबंद. ही परीक्षा तापमानाची नाही, साखरेच्या दाटपणाची आहे, आणि दाटपणाला उंची कळत नाही. तापमापक घेऊन पाक करणाऱ्याला प्रत्येक गावी आकडा बदलावा लागतो. बोटांनी तार बघणारीला अलिबागला आणि पाचगणीला एकच खूण पुरते. मोजण्याच्या शास्त्रात याला अस्सल हुशारी म्हणतात: जी गोष्ट हवी आहे तीच थेट मोजा.

दोन चलांचं समीकरण, चवीला मीठ

मीठ घातलं की पाणी जास्त तापतं, हे खरं. किती, तेही जवळजवळ रेषीय आहे: लिटरमागे सुमारे ५७ ग्रॅम मिठाला एक अंश. मग दोन्ही जोडू:

त = १०० − (उ ÷ ३००) + (म ÷ ५७)

‘म’ म्हणजे लिटरमागे मीठ, ग्रॅममध्ये. ‘त’ एकदा ठरवून टाकला की हे झालं ‘दोन चलांतील रेषीय समीकरण’, दहावीच्या पहिल्या प्रकरणातलं, पण चुलीवरचं. भातात आपण चमचाभर मीठ घालतो, त्याने दशांश अंशाचा फरक पडतो. कळसूबाईवर पाणी पुन्हा शंभराला उकळायचं असेल तर लिटरभर पाण्यात सुमारे ३०० ग्रॅम मीठ लागेल. तो भात खाणं कुणाच्याच नशिबी येऊ नये.

डोंगरात गॅस वाचतो का?

पुष्कळांना वाटतं, पाणी लवकर उकळतं म्हणजे इंधन कमी. दोन रेषा शेजारी काढून बघू. हवेचं तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. उत्कलनांक उतरतो दर किलोमीटरला ३.३ अंशांनी. म्हणजे हवेची रेषा जास्त उतरती! कोकणात हवा ३० अंश, आधण १००, अंतर ७०. त्याच हिशेबाने लेहला हवा ७, आधण ८८, अंतर ८१. जितकं वर जाल तितकं पाण्याला तापण्यासाठी जास्त अंश चढावे लागतात, आणि एवढं करून ते शिजवतं कमी.

वादळाच्या डोळ्यातला सिंहगड

उंची ही दाबाची फक्त एक वाट. हवामानही दाब हलवतं. मुंबईत हिवाळ्याच्या मानाने ऐन पावसाळ्यात हवेचा दाब सुमारे १० हेक्टोपास्कलने कमी असतो, म्हणजे समुद्रकाठीच आधण पाव अंश उतरतं. रेषेच्या हिशेबात हे ऐंशी-पंच्याऐंशी मीटर झाले. एकट्या तापमापकावर भरवसा ठेवून उंची मोजणाऱ्यांना नेमकी हीच चूक सतावायची.

याचं टोक बघायचं तर १२ ऑक्टोबर १९७९. पश्चिम प्रशांत महासागरातल्या ‘टिप’ चक्रीवादळाच्या केंद्रात दाब मोजला गेला ८७० हेक्टोपास्कल, समुद्रसपाटीवर नोंदला गेलेला आजवरचा नीचांक. त्या दाबाला पाणी ९५.८ अंशांना उकळतं. सिंहगडाच्या माथ्यावर जवळजवळ एवढीच हवा असते. भर समुद्रात, लाटांच्या पातळीवर, सिंहगडाचं आधण!

एव्हरेस्टवरही हवेने रेषेला थोडी हुलकावणी दिलीय. रेषा सांगते ७०.५. पण १९८१ च्या अमेरिकन वैद्यकीय संशोधन मोहिमेतल्या गिर्यारोहकाने माथ्यावर दाब मोजला तेव्हा तो प्रमाण वातावरणाच्या आकड्यापेक्षा बराच जास्त निघाला, २५३ मिलिमीटर पारा. त्याला पाणी ७२ च्या आसपास उकळतं. विषुववृत्ताच्या बाजूला वातावरणाचा थर फुगीर असतो आणि हिमालय त्या बाजूला झुकलेला आहे. त्या जास्तीच्या हवेमुळेच प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय तिथवर जाऊन येणं माणसाला जमतं.

शून्याच्या खाली

रेषेला डावीकडे वाढवलं तर ‘उ’ ऋण होतो आणि आधण शंभराच्या वर चढतं. मृत समुद्राचा काठ समुद्रसपाटीच्या सुमारे ४३० मीटर खाली: १०१.४ अंश. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी जमिनीपासून तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या. जमिनीची आठ-नऊशे मीटर उंची वजा केली तरी तळाशी आधणाचा हिशेब १०७ च्या पुढे जातो. २००१ मध्ये त्या बंद झाल्या.

जमीनच आधण ठेवते तिथे

लडाखच्या पुगा खोऱ्यात, सुमारे ४४०० मीटरवर, गरम पाण्याचे झरे फुटतात. त्यांचं कमाल तापमान ८४ अंश. ऐकायला मध्यम वाटतं. पण रेषेत उंची घाला: ८५.३. म्हणजे ते झरे जवळपास उकळतच आहेत! सिंधूकाठचं चुमाथांग थोडं खाली, चार हजारांच्या आसपास. तिथलं पाणी ८७ अंश, रेषा सांगते ८६.७. पृथ्वीनेही हेच समीकरण सोडवलंय.

विमानातला चहा

विमान दहा-अकरा किलोमीटरवर उडतं, पण आतला दाब जास्तीत जास्त आठ हजार फुटांच्या, म्हणजे २४३८ मीटरच्या उंचीइतका पातळ ठेवतात. तिथलं आधण ९१.९. पिशवीच्या चहाचा रंग आकाशात मंद उतरतो त्यामागे हेही आहे. दुधात उकळलेला आपला चहा तिथे करता आला असता तर तो निभावला असता, कारण तो अंशांपेक्षा वेळेवर विसंबतो.

रेषा कुठे तुटते

१९ किलोमीटर. समीकरणात घाला: ३६.७. आपल्या शरीराचं तापमान! या उंचीला आर्मस्ट्राँग मर्यादा म्हणतात, अमेरिकन हवाई दलातले वैद्यक हॅरी आर्मस्ट्राँग यांच्या नावावरून. चंद्रावर उतरणारे ते वेगळे. इथून वर दाबपोशाख फाटला तर जिभेवरची लाळ, डोळ्यांतला ओलावा अंगच्या उबेनेच उकळायला लागतो. १९६६ मध्ये नासाच्या निर्वात कक्षात पोशाखाची नळी निसटून एक तंत्रज्ञ काही सेकंदांत बेशुद्ध पडला. शुद्ध हरपण्याआधीची त्याची शेवटची आठवण होती जिभेवर उकळणारी लाळ. त्याला वेळीच बाहेर काढलं आणि तो ठणठणीत राहिला. महाबळेश्वर-पुण्यासाठी काढलेली रेषा एकोणीस किलोमीटरवरही अचूक बोलते, हे मला अजूनही थक्क करतं.

तिथून पुढे मात्र ती हळूहळू सुटते. ३० किलोमीटरवर रेषा म्हणते शून्य, पण खरं आधण अजून नऊ-दहा अंशांवर असतं. वरच्या हवेत तापमान उतरायचं थांबून पुन्हा वाढायला लागलेलं असतं, आणि खालच्या थरात ज्या दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या त्यांची जोडी इथे फुटते. सुमारे ३५ किलोमीटरवर हवेचा दाब उरतो साधारण ६ हेक्टोपास्कल, मंगळाच्या जमिनीवर सरासरी असतो तेवढाच. उत्कलनांक उतरत उतरत गोठणबिंदूला येऊन टेकतो. तिथे उघडं भांडं ठेवलं तर एकाच पाण्यात खालून बुडबुडे उठत असतात आणि वर बर्फाची साय धरत असते.